राहो नावाचा मुलगा

तुर्कस्तानातल्या कुठल्याही गावात चौकाच्या तोंडाशी लाल रंगाची अष्टकोनी पाटी उभी असते आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात एकच शब्द असतो : 'दुर'. म्हणजे थांब. गाडीवाल्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. चानाक्कालेच्या सामुद्रधुनीतून बोट निघाली की पलीकडच्या डोंगरउतारावर प्रचंड पांढऱ्या अक्षरांतला मजकूर दिसतो. शेजारी एका सैनिकाची तेवढीच प्रचंड आकृती. १९१५ च्या लढाईत तिथे पडलेल्यांची ती आठवण. त्या मजकुराचा पहिला शब्दही हाच, येणाऱ्याजाणाऱ्या वाटसराला उद्देशून : दुर. रस्त्याकडे धावत सुटलेल्या पोराला आई मागून ओरडते, तेव्हा तिच्याही तोंडून हाच शब्द निघतो.

या हुकमी शब्दाला पुढे 'सुन' एवढं इवलंसं शेपूट लागलं की त्याचं माणसाचं नाव होतं. दुर्सुन. अनातोलियाच्या खेड्यापाड्यांत, विशेषतः काळ्या समुद्राच्या काठानं, पिढ्यान्‌पिढ्या मुलग्यांना ठेवलं गेलेलं नाव. तुर्की नामकोशात त्याच्यापुढे बहुधा एका ओळीत अर्थ दिलेला असतो : दीर्घायुषी होवो. अर्थ बरोबर आहे, पण त्या ओळीत या नावाची खरी नवलाई कुठेच येत नाही. ती शब्दाच्या आत, त्याच्या व्याकरणात दडलेली आहे. आणि मला फार आनंदाची गोष्ट वाटते ती ही, की मराठी बोलणाऱ्याला ती जितकी चटकन कळेल तितकी जगात फार थोड्यांना कळेल.

आधी 'दुर' पाहू. तुर्कीत या धातूचा अर्थ नुसता 'गती थांबव' एवढा नाही. उभं राहणं, आहे तिथे असणं, टिकणं, मुक्काम करणं हे सगळं त्यात येतं. आपलं 'थांबणं' अगदी असंच आहे. गाडी थांबली, पाऊस थांबला, आणि पाहुणे रात्री आमच्याकडेच थांबले. पहिल्या दोन वाक्यांत काहीतरी संपलं. तिसऱ्यात मात्र कुणीतरी राहिलं. 'थांब ना जरा, एवढ्यात कुठे निघालास?' असं आपण उंबऱ्याशी आलेल्या माणसाला म्हणतो, तेव्हा त्या 'थांब'मध्ये आज्ञा किती आणि विनवणी किती, ते सांगता येत नाही. तुर्की 'दुर'ही तसाच दोन्हीकडे झुकणारा.

आता 'सुन'. तुर्कीत समोरच्याला सांगायचं असेल तर नुसता धातू पुरतो : 'गेल', ये. पण तिसऱ्या कुणाविषयी इच्छा व्यक्त करायची असेल तर धातूला हे शेपूट लागतं : 'गेल्सिन', येवो. आपला 'ओ' नेमकं हेच करतो. येवो, होवो, लाभो, जगो. देव तुझं भलं करो. हा ओ बोलण्यात तसा रोजचा नाही. आशीर्वाद देताना, नवस बोलताना, कधी तळतळाट व्यक्त करतानाच तो आपल्या जिभेवर येतो. तुर्कीत मात्र तो दिवसभर कानावर पडत असतो. आजाऱ्याला भेटायला गेलं की म्हणायचं, 'गेचमिश ओल्सुन', सरून गेलेलं होवो. कुणी भिंत बांधत असेल, शेत नांगरत असेल किंवा नुसता कचेरीत कागद लिहीत असेल, तर जाताजाता, 'कोलाय गेल्सिन', सोपं जावो. घरात मयत झालं तर उरलेल्यांना, 'बाशिन साअ ओल्सुन', तुझं डोकं शाबूत राहो. आणि नव्या बाळाला पाहून : याला आईबापांच्या छायेत अल्ला मोठं करो.

शेपटाचा स्वर धातूच्या स्वराप्रमाणे बदलतो. 'गेल'मागे 'सिन', 'दुर'मागे 'सुन'. तुर्की शब्दात स्वर असे एकमेकांचा हात धरून चालतात. म्हणून 'दुर्सुन' उच्चारताना ओठांचा चंबू पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोडत नाही. कानाशी कुजबुजायला सोयीचं नाव आहे हे.

तर दुर्सुन म्हणजे राहो. थांबो. टिको. कर्ता गाळलेलं, पण पूर्ण वाक्य. आपल्याकडे नाव म्हणजे नाम, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. व्यक्ती, वस्तू, गुण, देव. इथे नाव आहे ते क्रियापद, तेही इच्छेत अडकलेलं, अजून पुरं न झालेलं. दुर्सुन नावाच्या मुलाला आई अंगणातून जेवायला हाक मारते तेव्हा ती जे शब्दशः म्हणत असते ते असं : राहो! ए राहो! भाकरी निवतेय!

असं नाव का सुचावं, हे मराठी घरात सांगायला नको. आधीची मुलं राहिली नाहीत म्हणून. एक गेलं, दुसरं गेलं, कधी तिसरंही. 'राहिलं नाही' हा आपलाही शब्द आहे. आजीच्या पिढीतल्या बायका 'मूल मेलं' असं म्हणत नसत. 'चार झाली, पण दोनच राहिली' असं म्हणत. तुर्की खेड्यात हे दुःख काही विरळा नव्हतं. अगदी १९६० च्या सुमारासही तुर्कस्तानात हजार जन्मांमागे दीडशेहून अधिक बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. आज हा आकडा दहाच्या आसपास आला आहे. त्या दीडशेच्या काळात, आणि त्याआधीच्या त्याहून वाईट काळात, चौथ्या बाळंतपणानंतर बाळाला मांडीवर घेतलेल्या बाईला सुंदर अर्थाची नावं सुचत नसतील. तिला एकच क्रियापद आठवत असेल.

बाळंतिणीचे पहिले चाळीस दिवस तिकडेही धास्तीचे. त्या दिवसांत बाळ-बाळंतिणीवर टपून असणारी एक हडळ अनातोलियाच्या लोकसमजुतीत आहे, 'आलकारिसी'. तिच्या भीतीनं बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही, डोक्याला लाल फीत बांधायची, उशापायथ्याशी लोखंडाची वस्तू ठेवायची. आपल्याकडे पाळण्यात बाळाच्या उशाखाली चाकू नाहीतर अडकित्ता असतो, तोच हा बंदोबस्त. आपली सटवाई पाचवीच्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते. तुर्कीत नशिबाला शब्दच आहे 'आलिन याझिसी', म्हणजे कपाळावरचं लिखाण. कपाळावर काय लिहिलंय ते कुणालाच वाचता येत नाही. मग निदान कानात तरी आपला शब्द घालावा.

तो घालायची रीतही डोळ्यांसमोर आणून पाहण्यासारखी. घरातला वडीलधारा, बहुतेकदा आजोबा, किंवा गावचा इमाम बाळाला हातांवर घेऊन उभा राहतो. उजव्या कानात अजान म्हणतो, डाव्या कानात इकामत, म्हणजे नमाज उभी राहत असल्याची घोषणा. आणि मग बाळाचं नाव कानाशी तीन वेळा. तुझं नाव दुर्सुन. तुझं नाव दुर्सुन. तुझं नाव दुर्सुन. आपल्या बारशाला आत्या पाळण्याशी वाकून कानात नाव सांगते, 'कुर्रर्र' करते आणि मागून पाठीत धपाटे खाते, तेव्हा सगळं घर हसतं. तिथेही पेढे आणि गलका असणारच. पण ज्या घरात हे नाव तीनदा उच्चारलं जात असेल, तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असणार की हे बारसं जितकं, तितकाच नवसही आहे.

या एका धातूतून नावांचं कुटुंबच निघालं आहे, आणि ती नावं ओळीनं लावली तर एखाद्या घरातल्या श्वासाची चढउतार ऐकू येते. 'दुर्सुन' : राहो. 'दुरान' : राहणारा. आणि 'दुर्मुश', जे माझं सगळ्यांत आवडतं. तुर्कीतलं हे 'मिश' किंवा 'मुश' अजब प्रत्यय आहे. स्वतः पाहिलेल्या गोष्टीला तो लागत नाही. मागाहून कळलेल्या, ऐकलेल्या किंवा अचानक ध्यानात आलेल्या गोष्टीला लागतो. सकाळी खिडकी उघडली आणि अंगणात बर्फ दिसलं तर तुर्क माणूस म्हणेल, 'कार याअमिश' : रात्री बर्फ पडलंय की! परगावाहून कुणी आल्याचं कानावर आलं तर 'गेलमिश' : आलाय म्हणे. तुर्की परीकथा याच प्रत्ययानं सुरू होतात : एक होतं म्हणे, एक नव्हतं म्हणे. आपण ज्या जागी 'म्हणे' घालतो ती जागा तुर्कीनं क्रियापदाच्या पोटातच करून ठेवली आहे. हाच प्रत्यय विशेषणंही बनवतो, त्यामुळे 'दुर्मुश'चा साधा अर्थ 'राहिलेला' असाही होतो. पण मला त्यात तो दुसरा सूर ऐकू येतोच. पहाटे दचकून जाग आलेली आई पाळण्यापाशी जाते, छातीवर हात ठेवून पाहते. राहिलाय की!

आणि 'यशार'. धातू वेगळा, जगणं. अर्थ : जगतो. साध्या वर्तमानकाळातलं शांत विधान. या नावाचा सगळ्यांत मोठा मानकरी म्हणजे कादंबरीकार यशार केमाल. चुकुरोवाच्या मैदानातल्या गरीब शेतकऱ्यांची आणि बंडखोरांची गोष्ट त्यानं 'इंजे मेमेद' या कादंबरीत १९५५ साली सांगितली आणि जगभर वाचली गेली. लहानपणी त्याच्या डोळ्यादेखत मशिदीत वडिलांचा खून झाला. त्याआधी एका अपघातात एक डोळा गेला होता. त्याचं कागदोपत्री नाव केमाल सादिक. 'यशार' त्यानं लेखक म्हणून स्वतःच्या नावापुढे जोडलं. दुसरा एक यशार अझीझ नेसिन यांच्या कादंबरीत भेटतो. हा गडी ओळखपत्र काढायला जातो तेव्हा सरकारी दप्तरात तो केव्हाच मेलेला निघतो. नाव 'जगतो', नोंद 'मृत'. साऱ्या पुस्तकभर तो आपण जिवंत असल्याचं पटवत फिरतो. तुर्की वाचकाला त्या नावाची टोचणी पानोपानी जाणवत असणार. अनुवादात ती हरवते, आणि म्हणूनच इथे सांगितली.

मृत्यूला विनवण्याचा हा झाला एक मार्ग. दुसरा मार्ग त्याला फसवण्याचा, आणि तिथे आपण तुर्कांचे सख्खे शेजारी आहोत. 'सातिल्मिश' हे नाव घ्या. अर्थ : विकला गेलेला. ज्या घरात मुलं राहत नाहीत तिथे नवं मूल नाममात्र विकायचं, एखाद्या पीराच्या दर्ग्याला किंवा जिची मुलं जगली आहेत अशा शेजारणीला. मृत्यू दार ठोठावत आला तर त्याला सांगता यावं की या घरात आमचं मूलच नाही, आहे ते दुसऱ्याचं, आम्ही नुसतं सांभाळतो. आता उकिरडा, कचरू, केरबा, दगडू, धोंडू ही नावं आठवा. जन्मलेलं मूल क्षणभर उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणायची रीत आपल्याकडे होती. भिकू म्हणजे मागून आणलेला. नथू म्हणजे नाक टोचून नथ घातलेला, मुलगा असून मुलीसारखा दाखवलेला. धोंड्याच्या महिन्यात जन्मलेल्यालाही धोंडू म्हणत, ती गोष्ट वेगळी. पण पुष्कळ धोंडूंच्या मागे 'हा काय, नुसता धोंडा' असं कुणालातरी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलेलं वाक्य असतं. दगडाला कोण नेतो? या नावाच्या आपल्या सगळ्यांत प्रसिद्ध माणसानं, धोंडो केशव कर्व्यांनी, १८५८ ते १९६२ असं १०४ वर्षांचं आयुष्य काढलं.

कचरू आणि सातिल्मिश एका वाटेचे. पण दुर्सुनची वाट निराळी आहे, आणि मला ती अधिक धीट वाटते. दगडू हे नाव मृत्यूपासून काहीतरी लपवतं. दुर्सुन काहीच लपवत नाही. या घरानं आधी काय गमावलंय आणि आता काय मागतंय, ते गल्लीत उभं राहून दिवसातून वीसदा मोठ्यानं सांगतं. आपल्याकडे हे थेट मागणं आशीर्वादात येतं : चिरंजीव, औक्षवंत हो, उदंड आयुष्याचा हो. चिरंजीव आपण पत्रात आणि लग्नपत्रिकेत नावाच्या आधी लावतो. तुर्कांनी तेच नाव करून टाकलं.

अनातोलियातून पूर्वेकडे निघालं की शब्दाच्या तोंडचा 'द' हळूहळू 'त' होतो. तुर्की कुळातल्या भाषांचा हा जुना हिशेब आहे. पश्चिमेकडे लोखंडाला 'देमिर' म्हणतात, पूर्वेकडे 'तेमिर'. तसाच दुर्सुन हा उझबेक, किरगीझ, उइगुर घरांत तुर्सुन होतो. तुर्सुनबाय, तुर्सुनअली, आणि शेवटी रशियन वळणाचं आडनाव तुर्सुनोव. ऑटोमन दरबारातही 'त'वाला एक होऊन गेला : तुर्सुन बेग. १४५३ साली मेहमेद सुलतानानं कॉन्स्टँटिनोपल घेतलं, त्यानंतर शहरातल्या घरांची मोजदाद करायच्या कामावर हा होता, आणि पुढे त्यानंच त्या सुलतानाचा इतिहास लिहिला. ताजिकिस्तानचा राष्ट्रीय कवी मिर्झो तुर्सुनझोदा १९४७ मध्ये आशियाई परिषदेसाठी दिल्लीला आला होता आणि भारतावर त्यानं कवितांची मालिका लिहिली. त्याच्या आडनावातला 'झोदा' म्हणजे आपल्या शहजाद्यातला 'जादा', पुत्र. तुर्सुनचा मुलगा. एका आजीची विनवणी फळली तेव्हाच हे आडनाव होऊ शकलं.

प्रत्येक वेळी ती फळली असं नाही. उझबेक रंगभूमीवरची गायिका-अभिनेत्री तुर्सुनोय सैदाझिमोवा. 'ओय' म्हणजे चंद्र. चंद्र राहो. १९२८ साली, जेमतेम सतरा वर्षांची असताना, नवऱ्यानं तिचा खून केला. बाईनं रंगमंचावर उभं राहणं न खपण्याचे ते दिवस होते.

आणखी पूर्वेला, उत्तरेला, धातू बदलतो पण इच्छा तीच राहते. तिकडे थांबण्याला 'तोक्ता' किंवा 'तोक्तो' म्हणतात. इतिहासाच्या पुस्तकात भेटणारा सोनेरी टोळीचा खान तोख्तामिश हा त्यातलाच. १३८२ साली यानं मॉस्को जाळलं. पुढे तैमूरशी त्याचं वैर झालं आणि तैमूरनं १३९१ मध्ये आणि पुन्हा १३९५ मध्ये त्याचा पाडाव केला. त्याचं नाव सुटं करून पाहिलं तेव्हा मी खरोखर चकित झालो. तोख्ता अधिक मिश. दुर्मुशचाच जुळा भाऊ! ज्याच्या नुसत्या नावानं रशियन गावं रिकामी होत, त्याला तंबूत हाक मारली जात होती ती 'राहिलाय की' अशी.

किरगिझस्तानात शंभर सोमच्या नोटेवर एका लोककवीचं चित्र आहे. तोक्तोगुल सातिलगानोव, १८६४ ते १९३३. कोमुझ नावाचं तीन तारांचं वाद्य घेऊन गाणारा. त्याच्या नावातला 'तोक्तो' म्हणजे थांब, आणि वडिलांच्या नावावरून आलेला 'सातिलगान' म्हणजे विकलेला. बापाच्या नावात विकणं, लेकाच्या नावात थांबवणं. एका घराण्यानं मृत्यूशी दोन पिढ्या केलेली झुंज त्या दोन शब्दांत आहे, आणि तो कागद किरगीझ लोक रोज भाजीबाजारात एकमेकांच्या हातात देतात.

क्रियापदांची नावं करायची ही खोड तुर्की भाषांत फार खोल आहे, आणि तिचा एक धागा थेट आपल्या इतिहासात येऊन पोचतो. 'वेर्दी' म्हणजे 'दिला'. अल्लाहवेर्दी, तान्रीवेर्दी, हुदावेर्दी : देवानं दिला. आपला देवदत्तच, पण संस्कृतातल्यासारखा समास न करता सरळ भूतकाळी क्रियापदानं सांगितलेला. आता बंगालचा तो नवाब आठवा ज्याच्या मुलखावर नागपूरकर भोसल्यांच्या फौजा दहा वर्षं चढाया करत राहिल्या, ज्यानं १७४४ मध्ये भास्करराम कोल्हटकरांना वाटाघाटीच्या तंबूत बोलावून दगा केला आणि अखेर १७५१ साली बारा लाखांची चौथाई कबूल केली. अलीवर्दीखान. बखरीत आणि पाठ्यपुस्तकात आपण हे नाव इतक्या वेळा वाचलंय, पण त्यातली 'वर्दी' काय, असं कधी थांबून विचारलं नाही. ती पोलिसाची वर्दी नव्हे आणि खबरीची वर्दीही नव्हे. अलीनं दिला. कुणालातरी मूल झाल्याचा आनंद.

एवढं लिहिलं आणि मुलींचं नाही लिहिलं तर ते खोटं होईल. कारण हीच क्रियापदं, हेच प्रत्यय मुलींच्या बाबतीत उलटे फिरतात. 'येतेर' : पुरे. एकापाठोपाठ मुली झालेल्या घरात शेवटच्या मुलीला ठेवलेलं नाव. 'दोन्दू' : वळली, फिरली, म्हणजे आता पुढचा मुलगा होवो. कझाक भाषेत तर 'उलबोल्सिन' असं मुलीचं नाव आहे. 'उल' म्हणजे मुलगा, 'बोल' म्हणजे हो, आणि पुढे तोच, दुर्सुनच्या शेपटीचाच 'सिन' : मुलगा होवो. ज्या प्रत्ययानं एका लेकराला राहा म्हटलं, त्याच प्रत्ययानं दुसरीला, तिच्याच नावातून, तू नको होतीस असं सांगितलं. आपण यावर तोंड फिरवून चालणार नाही. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात २८५ मुलींची नावं एका समारंभात बदलण्यात आली. नाव होतं नकोशी, नकुसा. त्या मुलींनी त्या दिवशी स्वतः नवी नावं घेतली. दुर्सुनवर जीव जडतो तसा या नावांवर नाही जडत. पण दोन्ही एकाच खाणीतून निघालेली आहेत, हे माहीत असलेलं बरं.

हल्लीच्या तुर्कस्तानात लहान मुलाचं नाव दुर्सुन सहसा ऐकू येत नाही. बाळं राहू लागली, त्यामुळे राहा म्हणायची निकड उरली नाही. दगडू आणि कचरूचं जे झालं तेच. सातिल्मिशला तर नवाच जाच आहे. 'विकला गेलेला' ही आता लाच खाल्लेल्या पंचाला आणि फितूर पुढाऱ्याला द्यायची शिवी आहे, आणि फुटबॉलच्या मैदानावर ती हजारो गळ्यांतून एकदम उठते. दुर्सुन मात्र दोन ठिकाणी ठाण मांडून बसला आहे. एक, विनोदात. काळ्या समुद्राकाठच्या कोळ्यांवरचे असंख्य किस्से तुर्क लोक एकमेकांना सांगतात. त्यांचा नायक तेमेल, आणि त्याचा जिवलग दोस्त दुर्सुन. त्या किनाऱ्यावर हे नाव घरोघरी होतं, म्हणूनच ते किश्शांत गेलं असावं, असं मला वाटतं.

दुसरं ठिकाण भाषेतलं. एखादी मोठी गोष्ट बाजूलाच, साधीही जमत नाही असं म्हणायचं असेल तर तुर्कीत 'शोयले दुर्सुन' म्हणतात. शब्दशः, असं राहो. धावणं शोयले दुर्सुन, त्याला चालताही येत नाही. आता हेच मराठीत म्हणून पाहा : धावणं तर राहोच, त्याला चालताही येत नाही. तोच शब्द, तोच प्रत्यय, तेच वळण. दोन भाषांचं कूळ वेगळं, मधे हजारो कोस, आणि दोघींनी त्याच जागी 'राहो' ठेवला. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी ते वाक्य दोन्ही भाषांत चारपाच वेळा मोठ्यानं म्हटलं होतं.

दुर्सुनची मी मनाशी कल्पना करतो ती मात्र विनोदातल्या कोळ्याची नाही. त्राब्झोनच्या वरच्या डोंगरातली एक शाळा, एकाच खोलीची, बाहेर धुकं, खोलीच्या मधोमध लाकडं जाळायची शेगडी. मास्तर हजेरी घेतायत. तुर्की शाळेत हजेरीला 'हजर' म्हणत नाहीत, 'बुरादा' म्हणतात. म्हणजे इथे. मास्तर वहीत बोट ठेवून एकेक नाव वाचत खाली येतात.

दुर्सुन?

मागच्या बाकावरून एक मुलगा हात वर करतो.

बुरादा.